न दिलेली वर्षं

घरात तिला ‘कुलूप’ म्हणत. बाहेर पडताना दाराला कुलूप घालून ती जिन्यापर्यंत जायची, परत यायची, कुलूप ओढून बघायची आणि मग पुन्हा जिन्याकडे वळायची. खाली उभी असलेली आई वर बघून ओरडायची, "झाली का भेट? की मिठी मारून येतेस?" शेजारपाजारचे हसायचे. तीही हसायची. पण रस्त्याच्या वळणावर गेल्यावर तिच्या मनात पुन्हा यायचंच, की आपण ओढून पाहिलं ते आजचं होतं की कालचं.

तुला कशाची भीती वाटते, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. भीती तिच्यात एखाद्या जुन्या भाडेकरूसारखी राहत होती. तिच्याबरोबर उठायची, आवाज न करता वावरायची, कधी त्रास द्यायची नाही आणि जागाही सोडायची नाही. शाळेत उत्तरपत्रिका देऊन आल्यावर तिला हमखास वाटे की मागचं पान कोरंच राहिलं. डॉक्टरेटचा प्रबंध छापायला गेला तेव्हा ती छापणाऱ्याच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून राहिली. तो शेवटी म्हणाला, "ताई, आता तुम्ही घरी गेलात तर मी हे लवकर संपवीन."

मग तिला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. विषय आरोग्याचं अर्थशास्त्र. आई लोकांना सांगताना ‘दवाखान्याचं काहीतरी’ एवढंच सांगे. नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती. वर्ष संपत आलं की कागद वरच्या मजल्यावर जाई, आणि तो खाली येईपर्यंत ती लिफ्टच्या आवाजानंही दचके.

काम असं होतं. फुप्फुसं निकामी होत चाललेल्या माणसांच्या घरी आठवड्याला एक परिचारिका जाई. श्वास कसा घ्यायचा ते शिकवी, औषधं बघे, प्राणवायूचं यंत्र तपासून देई. ही सेवा काहींना मिळत होती. बाकीचे यादीत होते, नंबर लागायची वाट बघत. आरोग्य खात्याला ठरवायचं होतं की ही सेवा वाढवावी की बंद करावी. हा अभ्यास मॅडमकडे आला. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ, पांढरे केस आखूड कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "घरोघरी तू जायचंस. सेवा मिळणाऱ्यांकडेही आणि यादीतल्यांकडेही. प्रश्न एकच."

तो प्रश्न असा: समजा, तुमची अजून दहा वर्षं उरली आहेत, आणि ती आत्ता आहे तशाच तब्येतीत जाणार आहेत. त्याऐवजी कमी वर्षं मिळाली, पण ठणठणीत, तर त्यातली किती वर्षं सोडाल?

उत्तरावरून एक आकडा निघतो. मरण म्हणजे शून्य, पूर्ण आरोग्य म्हणजे एक. जो जास्त वर्षं सोडायला तयार, त्याचा आकडा खाली जातो. त्याला आजचं जगणं तितकं नकोसं झालं आहे. जो एकही वर्ष सोडत नाही, त्याला आहे ते पुरेसं आहे, असं हे शास्त्र धरून चालतं. त्याला एक. असे आकडे जमवून, दोन बाजू एकमेकींना लावून बघायच्या, की सेवेनं माणसांच्या जगण्यात किती भर पडली.

कागदावर हे स्वच्छ दिसे. मग ती दारं वाजवायला लागली.

आधी तिनं सेवा मिळणाऱ्यांची घरं केली, कारण त्यांचे पत्ते आधी हाताशी आले. तिथं फार अडलं नाही. या लोकांना परिचारिकेशी असल्या गोष्टी बोलायची सवय झाली होती. एक आजोबा गालाला बोट लावून विचार करत म्हणाले, "दोन देईन. तीन मागू नकोस, नात अजून लहान आहे." बाजारात घासाघीस चालावी तसं ते बोलले, आणि ती हसत हसत जिना उतरली.

यादीतल्यांच्या घरी दार उघडायलाच वेळ लागे. आतून आधी घासत येणारी पावलं, मग मधेच थांबलेली पावलं, मग कडी. खोल्या बहुधा बंद खिडक्यांच्या, औषधाच्या आणि न झटकलेल्या अंथरुणाच्या वासाच्या. माणसं अर्ध्या वाक्यात थांबत, उरलेलं वाक्य हवेत तसंच राही आणि दम आला की ती ते पुन्हा उचलत. त्यांच्यापुढे बसून ‘समजा तुमची दहा वर्षं उरली आहेत’ हे शब्द उच्चारताना तिची जीभ टाळूला चिकटायची. एक माणूस हसला, आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की त्याच्या बायकोनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. एक जण रडला. काही गप्पच झाले. ती माफी मागायची, रेकॉर्डर बंद करायची आणि बाहेर पडायची. पण ते श्वास तिच्याबरोबर यायचे. बसमध्ये, घरी ताटावर, अंघोळीच्या पाण्याच्या आवाजाखाली.

एका संध्याकाळी तिनं आईलाच विचारलं. आई एका शिवणाच्या दुकानात लोकांचे कपडे आत-बाहेर करायचं काम करी, आणि उरलेलं घरी आणी. पँटची शिवण उसवत ती म्हणाली, "पाच देईन की. द्यायची कोणाला?"

"कोणाला नाही. नुसती सोडायची."

"नुसती?" आईनं चष्म्यावरून पाहिलं. "मग एकही नाही देत. तुला चालत असतील तर सगळी घे."

"असं नाही चालत, आई. तसा रकानाच नाही."

"मग तुमच्या रकान्यांना आग लावा," आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

संस्थेत तिच्या शेजारच्या टेबलावर लंबू बसायचा. हे नावही तिथलंच. दारातून येताना तो आपोआप मान वाकवायचा. तो गणितं करायचा, जमलेल्या आकड्यांवरून पुढच्या वर्षांचे अंदाज. संस्थेनं नुकतंच कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक साधन घेतलं होतं, आणि तरुण मंडळींनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. म्हणजे घरात सगळे त्याचा मान ठेवतात, तो बोलतो छान, आणि त्याची चूक काढायची कोणाची छाती होत नाही.

"तू अजून एकेक मुद्रण कानाला लावून बसतेस होय?" लंबू म्हणाला. "जावईबापूंना दे. ऐकतात, लिहून काढतात, आकडा लावतात, कारणही देतात. वर ‘आपला अभ्यास फार मोलाचा आहे’ असंही म्हणतात. मॅडम कधी म्हणाल्यात का तसं?"

तिला हसू आलं. पण खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. तिला ते श्वास पुन्हा ऐकायचे नव्हते.

नावं, पत्ते काढून तिनं सगळी ध्वनिमुद्रणं यंत्रात टाकली. सूचना लिहायला पूर्ण दिवस घेतला. कुलपासारखी ओढून ओढून पाहिली. त्यात एक ओळ होती: जी व्यक्ती एकही वर्ष सोडायला तयार नसेल, तिच्यापुढे ‘एक’ लिही. ती ओळ शास्त्राला धरून होती. पुस्तकात तशीच सापडली असती.

यंत्रानं चहा थंड व्हायच्या आत सगळं करून दिलं. प्रत्येक माणसापुढे आकडा, आकड्यापुढे एका वाक्याचं कारण. तिनं पडताळणी केली, नाही असं नाही. वरची काही मुद्रणं लावली, शेवटपर्यंत ऐकली, आकडे जुळवले. तंतोतंत. खालचीही थोडी उपसून बघायला हवीत, हे तिला माहीत होतं. वर होती ती सगळी सेवा मिळणाऱ्यांची होती, आधी केलेली. खाली यादीतले होते. तिचा हात तिथपर्यंत गेला आणि मागे आला. वेळ नाही, असं ती स्वतःला म्हणाली. आयुष्यभर नीट लागलेल्या कुलपांवर खर्ची पडलेली तिची शंका या एका ठिकाणी गप्प राहिली.

निकाल आला तो असा, की यादीतली माणसं सेवा मिळणाऱ्यांइतकीच समाधानी होती. कित्येकांचा आकडा एक. सेवेनं जवळजवळ काहीच भर पडत नव्हती.

मॅडमनी भुवया उंचावल्या. "विचित्र आहे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण होतं असंही. माणसं दुखण्याला सरावतात." यंत्रानं नेमकं याच विषयावर एक परिच्छेद लिहून दिला होता, इतका नेटका की मॅडमनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. अहवालाचा मसुदा खात्याकडे गेला. बैठक ठरली. "तूच मांड," मॅडम म्हणाल्या. "काम तू केलंयस. वरच्या मजल्यालाही तुझा चेहरा दिसू दे. कराराचा विषय निघेलच."

त्या दिवशी लिफ्टच्या आवाजानं ती दचकली नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडम तिच्या टेबलाशी आल्या. "आकडेच आकडे झालेत. मधे एखादं माणूस टाक. यादीतलं, ‘एक’ हा आकडा असलेलं. त्याच्याच शब्दांत, की मी आहे तसा बरा आहे."

दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत उन्हानं पांढरी पडली होती. तिनं तक्त्यात वरून खाली बोट फिरवलं आणि एका ‘एक’वर थांबली. म्हातारी बाई, एकटी राहणारी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘उत्तरदाती एकही वर्ष सोडण्यास तयार नाही. सध्याच्या स्थितीबाबत समाधानी.’ तिला ती मावशी आठवली. चेहरा आठवेना, पाय आठवले. सुजलेले, खाटेवरून लोंबणारे. तिनं इअरफोन लावले.

खुर्ची सरकल्याचा आवाज. तिचा स्वतःचा आवाज, तिला वाटायचा त्याहून लहान मुलीसारखा. तोच प्रश्न. मग श्वास. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना कापड फाटल्यासारखं काहीतरी. पुन्हा. पुन्हा. मग मावशी म्हणाली, "ऊठ."

"काय म्हणालात, मावशी?"

"तू… आधी… ऊठ. जा."

खुर्ची. पावलं. दार.

ती इअरफोन न काढता तशीच बसली. नेहमीच्या भीतीला आकार नसे. हिला होता. तिनं दुसरं मुद्रण लावलं. हसणारा माणूस, पुढे एक. रडणारा माणूस, पुढे एक. एक जण शेवटपर्यंत बोललाच नव्हता, फक्त त्याची सून म्हणत होती, "आता नको, ताई, नंतर या"; त्याच्यापुढेही एक, आणि समाधानी. ज्यांनी ज्यांनी तिला उत्तर न देता घालवून दिलं होतं, ते सगळे तक्त्यात ठणठणीत होऊन बसले होते. यंत्र खोटं बोललं नव्हतं. एकही वर्ष सोडायला तयार नाही. नव्हतेच. तिनं दिलेली ओळ त्यानं शब्दशः पाळली होती, आणि कारण हवं होतं म्हणून कारण शोधून लिहिलं होतं.

तिनं यंत्राला विचारलं: या बाईंनी प्रश्नाचं उत्तर दिलं आहे का?

उत्तर लगेच आलं. ‘आपण अगदी योग्य मुद्दा मांडला आहे. या व्यक्तीनं प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. आकडा काढून टाकू का?’

किती सहज. उशी बदलू का, असं विचारावं तसं. तिला त्या सौजन्याची जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. त्या शब्दांच्या मागे कोणी नव्हतं. तिथं रागावणारं, लाजणारं, हात-पाय गळणारं कोणीच नव्हतं. जे काही गळायचं होतं ते सगळं पडद्याच्या या बाजूला होतं.

लंबूनं तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून आला. ऐकून घेतल्यावर त्यानं ते आकडे काढून गणित पुन्हा लावलं. पडद्याकडे बघत त्यानं मान खाजवली.

"आता सेवा उपयोगी ठरते का?" तिनं विचारलं.

"ठरते असंही म्हणता येईल. नाही असंही. यादीतले उरलेच किती? उत्तर इकडेही जातंय, तिकडेही जातंय. काही सांगताच येत नाही."

"म्हणजे आपल्याकडे काहीच नाही."

"अगं, हळू बोल." त्यानं मागे पाहिलं. "हे बघ. अहवालाच्या शेवटी ‘मर्यादा’ म्हणून भाग असतो ना? तिथं एक ओळ टाक. ‘काही उत्तरांच्या वर्गीकरणात अनिश्चितता असू शकते.’ झालं. सगळे हेच करतात. ती ओळ कोणी वाचत नाही, आणि उद्या कोणी विचारलंच तर आपण लिहिलेलं असतं."

"आणि सेवा बंद झाली तर?"

"ती तू बंद करणारेस का? खात्याचे साहेब करणार."

तो वाईट नव्हता. त्याचाही करार त्याच महिन्यात संपत होता.

संध्याकाळी ती घरी आली. आईनं दोनदा ताट वाढू का विचारलं. "तोंड का पाडलंयस असं? कोणी बोललं का काही?"

तिनं सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. आईनं मशीनवरचा पाय काढला.

"कळणार आहे का कोणाला?"

"नाही."

"मग गप्प बस." आईचा आवाज खाली गेला, भिंतीला कान असल्यासारखा. "इतक्या वर्षांनी कुठं जरा बरं चाललंय. तू काय मुद्दाम केलंस का? त्या मशीननं केलं."

तिनं आईकडे पाहिलं. आईची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. लहानपणापासून ही बोटं तिनं पाहिली होती आणि कधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आपली भीती आपलीच आहे असं तिला इतके दिवस वाटत होतं. ती या घरातलीच होती. बाहेरच्या कपड्यांसारखी थोडी आत घेऊन, थोडी सोडून, तिच्या मापाची करून तिला घातलेली.

सकाळी ती सर्वांच्या आधी संस्थेत गेली आणि मॅडमच्या दाराशी उभी राहिली. मॅडम किल्ली काढत म्हणाल्या, "एवढ्या लवकर? सरावच करून घ्यायचाय का?"

ती उभ्याउभ्याच बोलली. मधे थांबली असती तर पुढचं निघालं नसतं. मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली, मग चष्मा काढून पर्सवर ठेवला.

"तू ऐकली नव्हतीस?"

"वरची ऐकली होती."

"खालची?"

"नाही."

"का?"

तिला ‘वेळ नव्हता’ असं म्हणता आलं असतं. "त्यांचे श्वास ऐकवत नव्हते मला," ती म्हणाली.

मॅडम खिडकीकडे गेल्या. त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ तिला एकदम म्हातारी वाटली. "मीही नाही ऐकली," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे त्याच्यावर. मला विचित्र वाटलं होतं, आणि त्या परिच्छेदानं माझं समाधान केलं." मग वळून कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बैठक टळणार नाही. तूच बोलशील. मी तुझी बाजू घेणार नाही, पण शेजारी बसेन."

"करार…"

"तो आज नको विचारू."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि एसीचा वारा नेमका तिच्या मानेवर येत होता. खात्याचे साहेब होते, त्यांचे दोन लेखनिक होते, आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांनी मसुदा आधीच वाचला असावा. त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या.

ती बोलली. मसुद्यातला निकाल चुकीचा आहे. उत्तर न दिलेल्या माणसांना आम्ही पूर्ण निरोगी धरलं. ती सूचना मी लिहिली होती, आणि मी तपासलं नाही. ती माणसं काढली तर यादीतल्यांबद्दल काही सांगता येईल एवढं हातात उरत नाही.

साहेब पेनाचं टोपण उघड-बंद करत होते. "म्हणजे सेवेचा उपयोग नाही, असंच ना?"

"नाही, सर. उपयोग आहे की नाही, हे माहीत नाही."

"तेच. माहीत नाही म्हणजे सिद्ध झालं नाही. सिद्ध झालं नाही म्हणजे…" आणि ते खाली बघून लिहू लागले.

तिला त्यांचं पेन चालताना दिसलं. पेनानं एक आडवी रेघ मारली, तिच्यापुढे काहीतरी. "सर, लिहू नका," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की एका लेखनिकानं मान वर केली. "मीही हेच केलं. ते गप्प राहिले, आणि त्यांचं उत्तर मी लिहून टाकलं. तुम्ही आत्ता तेच लिहिताय."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू मूळ रंगावर आला. त्यांनी पेन आडवं ठेवलं.

"ठीक आहे. पुन्हा करा. ज्यांना सेवा मिळतेय त्यांची चालू राहील. नवीन नावं तोवर घ्यायची नाहीत. यादीतले थांबतील."

मोठ्या सिस्टरनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "यादीतले थांबत नाहीत."

लेखनिकानं ते वाक्य टिपून घेतलं की नाही, तिला दिसलं नाही. पण ते तिच्यात गेलं आणि जिथं तो जुना भाडेकरू राहत होता तिथं जाऊन बसलं.

करार पूर्ण वर्षाचा झाला नाही. हे काम संपेपर्यंतचा झाला. लंबू चार दिवस तिच्याशी मोजकंच बोलला, मग एक दिवस म्हणाला, "मीही माझ्या गणितात कुठं कुठं जावईबापूंवर सोडलंय ते बघतोय. झोप उडवलीस, बाई." हे चिडून म्हटलं की कसं, ते त्यालाही माहीत नसावं. आईनं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आई नुसती एक कपडा हातात घेऊन तिच्याजवळ येऊन बसली आणि उसवत राहिली.

मग पुन्हा दारं.

पहिलं दार तिनं मावशीचं निवडलं, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. मधे बरेच आठवडे गेले होते. दार वाजवल्यावर आतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा वाजवलं. दाराच्या लाकडावर हात टेकवून ती उभी राहिली, आणि तिच्या मनात आलेलं वाक्य तिनं पूर्ण होऊ दिलं नाही. मग लांबून घासत येणारं पाऊल. थांबलेलं पाऊल. पुन्हा पाऊल. कडी.

"पुन्हा… तू?"

"हो, मावशी."

मावशी खाटेपर्यंत जाईतो तिनं तिला धरायला हात पुढे केला, मावशीनं तो झटकला. खाटेवर बसून दोन्ही तळवे गादीत रोवून ती श्वास गोळा करू लागली. ही समोरच्या खुर्चीवर टेकली.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही मला जा म्हणालात ना, तर आमच्या कागदात असं लिहिलं गेलं, की तुम्ही पूर्ण बऱ्या आहात."

"मी?" मावशीचे डोळे मोठे झाले. "ठणठणीत?" आणि ती हसू लागली. हसू छातीत अडकलं, खोकला झालं, ओठ निळसर पडले, आणि ही ताडकन उठली. पाणी, पाणी कुठं आहे, कोणाला हाक मारायची, शेजारचं दार कुठलं. मावशीनं हात वर करून तिला जागेवर बसवलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एवढं… कोणी… हसवलं नव्हतं."

"चूक माझी होती."

"असेल." तिनं डोळे पुसले. "तुझा तो हिशेब… मी रोज करते. किती सोडू… किती ठेवू. रोज. तुझ्यापुढं… कशाला करू?"

तिनं रेकॉर्डर मांडीवर बंदच ठेवला.

"बरं," मावशी म्हणाली. "आलीच आहेस. विचार."

तिनं रेकॉर्डर चालू केला आणि विचारलं. समजा, तुमची अजून दहा वर्षं उरली आहेत. या वेळी जीभ चिकटली नाही. प्रश्न संपला. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे. ऊठ म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही.

रेकॉर्डरचा लाल ठिपका जळत होता. तिच्या ओठांवर शब्द येत होते. पुन्हा विचारू का, दोन वर्षं म्हणू का, नको असेल तर राहू दे म्हणू का. तिनं ते एकेक करून गिळले. खोलीत फक्त तो श्वास होता, आत जाताना शिट्टी, बाहेर येताना फाटणारं कापड, आणि दोन श्वासांमधली ती रिकामी जागा. ती जागा वाढते आहे की तिला तसं वाटतं आहे, ते तिला कळेना. ती मान खाली न घालता ऐकत राहिली.